ओल्या लेपावर बोलू नये

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आलो बुवा एकदाचा! ओझरहून निघताना स्कूटरवर इतकं सामान लादलं होतं की सिग्नलचा पोलीस नुसता बघत राहिला, पावती फाडायचंसुद्धा विसरला. गंगापूर धरणाच्या पाण्याकाठी रुद्रची शेड आहे. पत्र्याची, लांबच लांब. एका टोकाला माझी खोली. खाट, गॅस, मोरी, आणि खिडकीतून नुसतं पाणी. दिल खूश झाला.

रुद्र म्हणजे मालक. घर गंगापूर रोडला, वडिलांची द्राक्षबाग, आणि या पठ्ठ्याला पाण्याकाठी कॅम्प चालवायचाय, तोही लाकडी कयाक घेऊन. कयाक म्हणजे एका माणसाची निमुळती होडी, वरून झाकलेली. मधल्या भोकात पाय लांब करून बसायचं आणि वल्हवायचं. पुढे-मागे एकेक रिकामा कप्पा, त्याला हवाबंद झाकण, म्हणजे उलटली तरी बुडत नाही. पहिली होडी बांधून झालीय, शिवणीच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या एकाला एक चिकटवून. हात फिरवत बसावं असं लाकूड. त्यावर काचकापड अंथरून एपॉक्सी रेझिनचे तीन-चार लेप द्यायचे, हे माझं काम. विमान कारखान्यात तीस वर्षं मी काचकापड आणि रेझिनच केलं. रिटायर होऊन वर्ष झालं, हात नुसते शिवशिवत होते.

खरं कारण लिहू का? ललिता जाऊन सव्वा वर्ष झालं. आरोही पुण्याला नोकरीत. घरात मी आणि फ्रिजचा आवाज. कारखान्यात मला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण दिवसभर तोंड चालू. ललितापण तेच म्हणायची. आता ऐकणारंच कुणी नाही, तर रेडिओ लावायचा कुणासाठी? म्हणून इथे आलो, निदान हाताला तरी काम.

ही वही आरोहीनं दिली. म्हणाली, बाबा, बोलायला कुणी नसेल तेव्हा हिच्यात लिहा, मी येऊन सगळी मोठ्याने वाचणार आहे आणि चुका काढणार आहे. लहानपणी मी तिचे निबंध तसे वाचायचो, त्याचा सूड. वाच बाई.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

मोतीराम भेटला. होडी यानंच बांधली. पेठकडचा, माझ्याच वयाचा, आणि दिवसभरात दहा शब्द बोलला असेल तर शपथ. त्याचे न बोललेले सगळे मीच बोलून टाकले.

मी त्याला कामाचा पहिला नियम सांगायला गेलो, तर त्याला तो आधीच ठाऊक होता. लेप संध्याकाळीच द्यायचा. सकाळी ऊन चढतं तशी लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या लेपात बुडबुडे धरतात. संध्याकाळी गारवा पडतो तसं लाकूड उलट हवा आत ओढतं, तिच्याबरोबर रेझिनही मुरतं. मोतीराम म्हणतो, लाकूड श्वास घेतं. चला, तसं म्हणू.

संध्याकाळी त्यानं कप्प्यांना आतून एक लेप दिला, तोंडाला फडकं घट्ट बांधून. मी काहीही विचारलं की नुसती मान हलवायचा, आणि मला खुणेनं गप्प बसवायचा. काम आटोपून बाहेर आल्यावर फडकं सोडलं आणि म्हणाला, "लेप वला हाय तवर बोलायचं नाय, सायब. लाकूड आत ओढतं तवा समदंच ओढतं."

वासाचं म्हणत असेल. मी त्याला माझा भारीतला मास्क दाखवला. त्यानं मास्ककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विडी पेटवली. उद्यापासून तो गावाला, भात कापायला. महिनाभर मी एकटाच.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

पहिला लेप. थंडीत रेझिन घट्ट होतं, म्हणून डबे आधी गरम पाण्याच्या बादलीत ठेवले. दोन भाग रेझिन, एक भाग ते कडक करणारं हार्डनर, काट्यावर तोलून. ढवळलं की लगेच पसरट ताटलीत ओतायचं, पेल्यात राहिलं तर आपोआप तापतं आणि धूर सोडतं. पाचला सुरुवात केली. पांढऱ्या काचकापडावर रेझिन ओतायचं आणि रबरी पट्टीनं हळूहळू ओढत न्यायचं. पट्टी फिरेल तिथे कापड दिसेनासं होतं आणि खालून लाकूड वर येतं, मधाच्या रंगाचं. इतकी वर्षं बघतोय, तरी दरवेळी मन भरतं.

मास्कमध्ये घुसमटायला लागलं. दारं सताड उघडी, वारा चांगला, म्हणून काढून ठेवला. मग काय, रेडिओ सुरू! होडीला सगळं सांगितलं. ललिताला पाण्याची भीती, गोदाघाटावरसुद्धा वरच्या पायरीवरून पाणी डोक्याला लावायची. आणि एकदा हिचाच हट्ट, बोटीत बसायचंच. बसली, आणि उतरेपर्यंत माझा शर्ट धरून. मी पाळीवरून आलो की दार उघडायच्या आधी आतून हाक यायची, "अहो रेडिओ, चहा ठेवू का?" तिच्या आवाजाची नक्कल करून दाखवली होडीला, दोन-तीनदा. हसलो, मग थोडा रडलो. सव्वा वर्षात पहिल्यांदा मोकळं वाटलं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी बघतो तर पुढच्या अंगाला बुडबुडे. थंडीत लेप सकाळीही बोटाला चिकटतो, ते ठीक. पण संध्याकाळी दिलेल्या लेपाला बुडबुडे का यावेत? पत्रा तापत होता, आणि ते बारीक बारीक, एका ओळीत उठत होते, फुटत होते. कसलासा आवाज येतोय असं वाटलं, म्हणून पुढच्या कप्प्याच्या तोंडाशी कान नेला.

"अहो रेडिओ, चहा ठेवू का?"

तिचा. माझी नक्कल नव्हे, तिचा. परत कान लावला तर काही नाही.

एकट्या माणसाला भास होतात, त्यात काय. खोलीत जाऊन चहा टाकला. चहा उकळेपर्यंत तिचा आवाज आठवून बघितला, तर आठवेना. चेहरा आठवतो, ओठ हलताना दिसतात, आवाज नाही. काल सहज केलेली नक्कलसुद्धा जमेना. रेकॉर्ड कधी केलाच नव्हता, कधी लागेल असं वाटलंच नाही. चहा तसाच मोरीत ओतला.

१६ नोव्हेंबर, शनिवार

पहिल्या लेपावर आलेला मेणचट थर पाण्यानं धुतला, घासकागद मारला, दुसरा लेप दिला. आज मास्क घातलाच नाही. मुद्दाम बोललो. सटाण्याचं तिचं माहेर, डाळिंबाची बाग, बघायला गेलो तेव्हा तिनं दाणे सोलून वाटी पुढे केली आणि एक दाणा माझ्या पांढऱ्या शर्टवर सांडला, तो डाग. मला बघायचंच होतं, ती परत येते का.

१७ नोव्हेंबर, रविवार

आली! दहाच्या सुमाराला पत्रा तापला, आणि आली. डाळिंबाचं सगळं तिच्या तोंडून ऐकलं, तिच्या बाजूनं. शर्टवर दाणा तिनं मुद्दाम पाडला होता म्हणे, मी वर बघतच नव्हतो म्हणून. हे मला आयुष्यभर माहीत नव्हतं. पाऊण तास मी होडीला गाल लावून बसलो, अर्धा गाल रेझिननं चिकटला. इतका आनंद मला झेपेना.

एकच गोष्ट. दुपारी आरोहीचा फोन आला, बोलता बोलता तिच्या आजोळचं नाव घ्यायचं होतं, ते जिभेवर येईना. तिनंच सांगितलं, आणि फोन ठेवेपर्यंत परत गेलं. वहीत मागे बघितलं, कालच्या पानावर लिहिलंय. वाचता येतं. पण ते गाव डोळ्यांपुढे उभं राहत नाही, कुठलंही परकं गाव वाचावं तसं.

मोतीरामचं म्हणणं मला आता कळतंय. कळतंय आणि तरी उद्याचे डबे गरम पाण्यात ठेवायचं ठरवतोय. एक मात्र पक्कं केलं. आरोहीचं नाव शेडमध्ये घ्यायचं नाही. तिचा फोन आला की पार पाण्यापर्यंत जाऊन बोलायचं. ती माझी राहिली पाहिजे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

चार दिवसांत दोनदा लेप दिला आणि घासून काढला. रुद्र आला होता, सोबत त्याचं कुत्रं शेरू. बुडबुडे बघून वैतागला. काका, तीस वर्षांचा अनुभव ना तुमचा, असं म्हणाला. मी खोटं बोललो, हार्डनर खराब निघालं म्हणून. लेप ओला होता आणि हा उभा राहून शेरू, शेरू करत हाका मारत होता. मी त्याला बाहेर काढलं. दोन तारखेला होडी न्यायची म्हणाला, काही झालं तरी.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी रुद्रचा फोन. इकडचं तिकडचं बोलला, मग उगाच हसत म्हणाला, काका, माझ्या कुत्र्याचं नाव काय हो? मला वाटलं थट्टा करतोय. उत्तर द्यायला गेलो तर मलाही येईना. म्हणजे बोलणाऱ्याचं जातं आणि ऐकणाऱ्याचंही.

वहीतून वाचून सांगितलं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

मोतीरामला फोन लावला. त्याच्या बायकोनं उचलला, कुसाबाईनं. तिनं सांगितलं ते असं. लग्नाआधी मोतीराम गावोगाव लग्नात गाणी म्हणायचा, लोक त्याला लांबून बोलवायचे. मग थोरली मुलगी लहान असताना एकदा डोंगीला, म्हणजे छोट्या होडीला, डांबर लावताना तिचं नाव गुंफून दिवसभर गात बसला. तेव्हापासून एकही गाणं येत नाही. थोरल्या मुलीला नुसतं पोरी म्हणतो, तिचं नाव त्याला रोज सकाळी सांगावं लागतं.

मग तो स्वतः फोनवर आला. म्हणाला, "येकच लेप द्या, जाड. मुक्यानं. वाळंस्तवर कुनी बोलाय नाय पायजे. मंग त्ये बंद व्हतं. गेलं त्ये गेलं, ऱ्हायलं त्ये तुमचं."

म्हणजे एका मुक्या लेपाखाली ती कायमची आत. मी फोन ठेवला. संध्याकाळी लेप दिला, आणि बोललो. तिच्या आजारपणाचं, हॉस्पिटलचं, शेवटच्या सकाळचं. ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

तिनं सगळं परत सांगितलं. शेवटी म्हणाली, भीती नाही वाटली, तुमचा शर्ट धरला होता ना.

आता ती कशी गेली ते मला आठवत नाही. इथे लिहिलं नसतं तर गेली हेही कळलं नसतं. नाव पहिल्या पानावर आहे. ललिता. अक्षर बघून उतरवलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आता सकाळची वाट बघावी लागत नाही. बोललं की गेलं. संध्याकाळी लेप देताना म्हणालो, आज थंडी — आणि पुढचं नाही. तोंड उघडं.

सकाळी ती बोलते. पण एकच एक. अहो रेडिओ, — ठेवू का. मधला शब्द मला ऐकू येत नाही. काय ठेवू?

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

शेडमध्ये बोललो नाही. दिवसभर पाण्याकाठी बसलो. तरी शब्द गेले. त्या पक्ष्याचं नाव, पांढरा, एका पायावर उभा. पायातल्याचं नाव. एवढ्या लांबून ओढतंय.

खोलीत गेलो. गॅसवर ते पातेलं, शेजारी डबीत काळी बारीक पूड. रोज सकाळी त्याचं काहीतरी करायचो मी. काय?

३० नोव्हेंबर, शनिवार

मुलीचा फोन. पाण्यापाशी गेलो. ती विचारते, जेवलात का. मला — शब्द — हूं म्हणालो. परत विचारलं. हूं. ती रडायला लागली. बाबा, तुम्ही गप्प? तुम्ही?

उद्या रात्री निघते, सोमवारी सकाळी पोचते म्हणाली. नको म्हणायचं होतं. आलं नाही तोंडात.

तिचं नाव अजून आहे. मनात म्हणून बघतो. आहे. तासातासानं बघतो.

१ डिसेंबर, रविवार. सकाळ

ठरलं. आज मुका लेप. सोमवारी मुलगी येईपर्यंत वाळेल.

कान लावून बसलो शेवटचं. ती बोलली. मी उत्तर दिलं नाही. ती परत बोलली. वाट बघत होती. मी ऐकत राहिलो. खूप रडलो, तोंड दाबून.

माफ कर. तू गेलीस. मुलगी आहे. मला तिला हाक मारता आली पाहिजे.

संध्याकाळ

दिला. जाड. फडकं बांधून. एकही शब्द नाही. कापड दिसेनासं झालं, लाकूड वर आलं.

सकाळपर्यंत गप्प. एवढंच. जमेल मला.

तिचं नाव आहे. बघितलं.

—

फाटकाशी रिक्षा

—

मुलगी आली. आजच. म्हणे राहवलं नाही

होडीपाशी उभी राहून बोलतेय. किती वाळलात, हे तोंडाला काय, फोन का नाही. मी ओठांवर बोट. हात धरून ओढलं. येत नाही. म्हणते आधी बोला माझ्याशी. फडकं सोडायला बघते

लिहून दाखवतो

बोलू नकोस. बाहेर चल.

वाचते ती. वाकून. मोठ्याने. लहानपणी मी वाचायचो तसं. डोळे पुसून हसली. म्हणाली, सांगितलं होतं ना वाचणार

मोठ्याने नको

तेही वाचलं

लेप हलतोय. पुढून. आत ओढल्यासारखा

ती मध्येच थांबली. काही म्हणणार होती. सापडेना. कपाळ धरलं. परत बोलायला लागली, भराभर, घाबरून

ऐकत नाही. काय लिहू म्हणजे ऐकेल

आरोही

वाचलं

मोठ्याने

आता वहीकडे बघते. माझ्याकडे. विचारते, बाबा, ही कोण?

तीन अक्षरं. माझ्याच हातची. शाई ओली. ही — ही मला माहीत — ही